हुरड्याचं आमंत्रण

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८६. अमरावती.

सकाळची ख्यालीखुशालीची फेरी केली. शेजारच्या भागाकाकूचा खोकला उतरला, आवाज अजून घोगरा. गणू तेल्याच्या टाचेला फोड, हळद भरून बसला आहे. त्याच्या बैलाचं विचारलं तर म्हणे, "आबाजी, बैल चांगला हाय, दुखते मले." मग त्याचंही विचारलं. घरात कुटुंबाचे गुडघे थंडीने धरलेत, तोंड मात्र मोकळं. शेवटी नूरकडे. डोळे लाल. शिळेवरची उलटी अक्षरं तपासून तपासून दुसरं काय होणार. जेवला का, तर "जेवतो." म्हणजे नाही. ओढत आणला. ओट्यावर बसून जेवला. त्याची थाळी निराळी, धुऊन पालथी घालतो तोच. दर वेळी डोळ्याला खुपतं, दर वेळी गप्प बसतो मी.

गुणी पोरगा. अकोल्याच्या जुन्या शहरातला, बाप नाही, अम्मी तिकडेच. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापायचं यंत्र, घेऊन इथे आला, आठवड्याला एक कागद काढतो. लोक नुसतं "नूरचा कागद" म्हणतात. बाजारच्या दिवशी कापसाच्या ढिगाशेजारी उभा राहून मी तो मोठ्याने वाचतो. चाळिशी उलटल्यावर पुड्यांच्या कागदांवरून अक्षर शिकलेला माणूस मी, तेवढी हौस पुरवून घेतो.

शुद्ध ७.

बाजार तुडुंब. अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर असंच चालणार म्हणतात. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या, काय थाट.

या खेपेचा कागद वेठीवर. बडनेऱ्याकडे आगगाडीच्या लोखंडी सडकेचं सामान न्यायला शिपाई कोणाच्याही गाड्या धरतात, भरला कापूस रस्त्यात उतरवून टाकायला लावतात, मजुरी कोणाला मिळते, कोणाला नाही. सगळं गावांच्या नावांसकट लिहिलंय. खाली सही "एक गाडीवान". लिहिलंय नूरनेच. मला, कुटुंबाला ठाऊक, बाकी कोणाला नाही.

वाचून झालं तरी कोणी हलेना. मागून एक जण म्हणाला, "आबाजी, पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं.

शुद्ध १०.

कचेरीचा हुकूम. कागद छापण्याआधी कचेरीत दाखवायचा, आणि गाडीवान कोण ते सांगायचं. नूर गेला, म्हणाला छापणारा मी, जबाबदार मी. लिहिणाऱ्याचं नाव देणार नाही. कागद दाखवणारही नाही. परत पाठवला, पण शिपाई गल्लीतून हलत नाही.

आणि बडनेऱ्याच्या नाक्यावर चार-दोन खरे गाडीवान धरून ठेवलेत. तूच का, तूच का, म्हणून. त्यांना अक्षर येत नाही, तरी.

नूर आला. म्हणतो, "आबाजी, मी नाव सांगून टाकतो. माझ्यापायी त्याईले मार काहून?"

मी म्हणालो, थांब. दोन-तीन दिवस दे मला. कचेरीतला मुख्य कारकून, शिरस्तेदार, माझ्या ओळखीचा, माणूस सभ्य. कचेरीतल्यांनी नुसता कागद पाहिलाय, पोरगं जवळ बसवून पाहिलेलं नाही. एकदा पाहिलं की राग निवेल. शेतात हुरडा आलाय. दोघांनाही बोलावतो. आगटीभोवती बसून ज्याने कणीस मागितलं तो माणूस घरचा होतो, असं आमच्या वडिलांपासून चालत आलंय.

कुटुंब म्हणाली, "तुमाले सगळे घरचेच दिसतात."

शुद्ध १३.

हुरडा झाला. फार गोड. गोवऱ्यांची आगटी धरली, कणसं भाजली, नूरने चोळून काढली. तीळ-खोबऱ्याची चटणी, गूळ, दही. शेतात थाळीबिळीचा प्रश्न नाही, सगळे एका फडक्यावरून खातात. शिरस्तेदार पागोटं बाजूला ठेवून मांडी घालून बसले. "आबाजी, असा हुरडा जिल्ह्यात मिळायचा नाही."

नूरशीही गोड बोलले. घर कुठलं, अम्मी कशी. मला भरून आलं. मग म्हणाले, "हुकूम राहू द्या एकीकडे. पण तो गाडीवान लिहितो मोठं झकास. असा माणूस आपल्या जिल्ह्यात आहे याचा अभिमान वाटायला पाहिजे."

मी नूरच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, हा काय तुमच्या शेजारीच बसलाय.

नूरचे हात कणसावर थांबले. माझ्याकडे पाहिलं त्याने. रागाने नाही. शिरस्तेदार हसले, आपल्या हाताने त्याच्या तळहातावर गूळ ठेवला. म्हणाले, "वा, खाऊन घे."

माझ्या मनात आलं, जमलं.

वद्य १.

जमलं नाही.

सकाळी नूरला नेला. अकोल्याला, बड्या गोऱ्या साहेबाचा मुक्काम सध्या तिकडे आहे. शिळा, यंत्र, शाई, सगळं उचललं. शिळा न्यायला गाडीसुद्धा वेठीचीच धरली. जाताना नूर माझ्या ओट्यापाशी थांबला. मी दारात. काही म्हणेल वाटलं. "अम्मीले कळवजा," एवढंच.

नाक्यावरचे गाडीवान सोडले. त्यातला एक पाया पडायला आला, "तुमीच सोडवलं म्हनते आमाले." त्याला काय सांगू.

गणू तेली म्हणाला, "आबाजी, हुरड्याले बोलावून तुमी पोराले..."  पुढचं बोलला असता तर बरं होतं.

वद्य ३.

कचेरीत बोलावणं. रस्ताभर घोकत गेलो. म्हणायचं, साहेब, ती थट्टा होती, म्हाताऱ्या माणसाची बडबड. पक्कं केलं होतं.

आत गेलो तर शिरस्तेदार उठून उभे राहिले. खुर्ची दिली. आजवर त्या कचेरीत मी भिंतीशीच उभा राहत आलो. "बसा आबाजी, तुम्ही जिल्ह्याचे वडीलधारे." मग माझ्या नावाने आधीच लिहून ठेवलेली जबानी वाचून दाखवली. अमुक ठिकाणी, अमुक माणसाच्या खांद्यावर हात ठेवून, हाच तो असं म्हणालो. शब्द न् शब्द खरा. "बरोबर आहे ना?"

होय जी, म्हणालो.

घोकलेलं सगळं कुठे गेलं कळलं नाही. मारलं नाही, धमकावलं नाही. खुर्ची दिली, बस. नूरने नाव दिलेलं नाही, दुसरा कोणी साक्षी नाही. सगळी फिर्याद माझ्या एकट्याच्या बोलण्यावर उभी.

सही केली. आणि लिहायची लाज वाटते, पण केल्यावर वेलांटी नीट आली की नाही ते वाकून पाहिलं मी.

वद्य ५.

कचेरीतून पागोटं आलं. सरकारला मदत केली म्हणून. शिपायाने भर गल्लीत, चार लोकांदेखत हातात दिलं. घेतलं. नको म्हणता आलं असतं का? आलं असतं.

कुटुंबाने उलगडून पाहिलं. म्हणाली, "ज्याचं डोकं देलं त्याच्या डोक्यावर बांधा हे." चूल पेटवायला गेली. तिने नूरची थाळी आतल्या फळीवर, आमच्या थाळ्यांत नेऊन ठेवली. मी पाहत होतो. इतके दिवस आम्हाला काय झालं होतं?

फेरी केली. भागाकाकू "बरं हाय" म्हणाली आणि दार लोटलं. दुसरीकडे गेलोच नाही.

बाजारातही गेलो होतो. वाचायला काही नाही. लोक मला पाहून बोलायचे थांबले. मला कचेरीचा समजतात. विकला गेलेला समजतात. मूर्ख समजा, असं कोणाला जाऊन सांगायचं? आणि त्या खुर्चीचं काय सांगायचं? तिथे तर मूर्खही नव्हतो.

वद्य ८. अकोला.

गणूने गाडी जुंपली. मी म्हटलं नव्हतं. उतरताना म्हणाला, "टाच ठणकते, म्हनून हळू हाकलली."

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात. विचारत विचारत नूरचं घर. अम्मी बारकी, ताठ बाई. मला पाहताच डोक्यावरचा पदर सारखा केला, "आबाजीच ना तुमी? नूर लय सांगते तुमचं. तुमच्या घरी जेवतो म्हनते, म्हनून मले घोर नव्हता." तब्येत विचारली माझी, कुटुंबाची, गुडघ्यांचीसुद्धा. पाणी दिलं. नूरला धरल्याचं मी कळवायच्या आधीच तिला ठाऊक होतं.

मग म्हणाली, "कोन्या मेल्यानं नाव सांगितलं असन हो भाऊ?"

पाणी पीत राहिलो. तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसलो. सांगितलं नाही. मशिदीच्या कडेला धर्मशाळा आहे, तिथे उतरलो.

वद्य ९.

सकाळी जाऊन सांगितलं. हुरडा, खांद्यावरचा हात, खुर्ची, सही, पागोटं. सगळं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. तव्यावरची उलटली, दुसरी घेतली. ती भाजून झाल्यावर म्हणाली, "त्यानं तुमचं नाव नाई सांगितलं मले. काल डबा द्यायले गेली तवा विचारलं मी त्याले."

नंतर म्हणाली, "जेवून घ्या."

जेवलो. ताट मी धुतलं. तिने धुऊ दिलं.

दुपारी साहेबाच्या मुक्कामी, कचेरीच्या तंबूकडे. साहेबाच्या दिमतीला शिरस्तेदार इथेही. जबानी फिरवायची म्हणालो. हसले नाहीत या वेळी. "आबाजी, फिरवा की. मग खोटी सही केली म्हणून तुम्ही त्याच्या शेजारी आत बसाल. आणि आम्ही गाडीवान शोधायला पुन्हा नाक्यावर जाऊ. ते पोरगं नुसतं लिहून देईना का, की दाखवल्याशिवाय छापणार नाही. शिळा घेऊन घरी जाईल आज. नाही देत. मग जिल्ह्याबाहेर, नाहीतर आत."

आत बसायची भीती आहे. नाही असं इथे तरी लिहिणार नाही. पण नाक्यावरचे ते पुन्हा... तो पाया पडलेला...

वद्य १०.

आज साहेबापुढे बोलावणं आहे, दुपार कलल्यावर. अम्मी डबा घेऊन निघतेय, तिच्या हाती चिठ्ठी देतोय. पहारेकरी तिच्या माहेरकडचा, भाकरीखालचं पाहत नाही म्हणे. मजकूर इथे उतरवून ठेवतो.

"चिरंजीव नूर यास आबाजीचा आशीर्वाद. अम्मी खुशाल आहे, काल दोन घास जास्त जेवली. माझं ठीक.

मी काय केलं ते तू पाहिलंसच, तुला वेगळं सांगत नाही. माफी मागायला लिहीत नाही. आज मला साहेबापुढे विचारतील. मी खोटं बोललो होतो म्हणालो तर तू सुटशील, कदाचित, आणि गाडीवान पुन्हा धरले जातील. खरंच बोललो म्हणालो तर ते सुटे राहतील आणि तू जिल्ह्याबाहेर. मला काय होईल ते यात धरू नकोस. आधी धरलं होतं, आता नाही.

त्या दिवशी तू स्वतः नाव सांगायला निघाला होतास. मी तुला थांबवलं, आणि तुझं नाव तुला न विचारता माझ्या तोंडाने दिलं. या वेळी आधी विचारतोय. तू म्हणशील तेच बोलेन. जीभ अडली तरी बोलेन.

शाई देत नसतील तर कोळशाने लिही. शिव्या लिहायच्या तर त्याही लिही, पण काय बोलू तेही लिही, आणि लवकर लिही. अम्मी डबा रिकामा होईपर्यंत थांबेल. मी तंबूबाहेर बाभळीखाली आहे."