वाटाण्याच्या वाफ्यात तंबाखू

जेम्स नदीकाठ, व्हर्जिनिया
नोव्हेंबर १६२५

प्रिय टॅमसिन,

तुझं पत्र मे महिन्यात मिळालं. म्हणे, ताई, मीही तुझ्यासारखीच येते, जहाजवाला फुकट आणतो, उतरल्यावर कुणीतरी नवरा भाडं भरतो. किती सोपं करून टाकलंस गं! वाचून आधी आनंदाने रडले, मग तुला एक धपाटा घालावासा वाटला.

फुकट कुणी आणत नाही, बाई. मी धक्क्यावर उतरले तेव्हा गिल्बर्टने माझ्या भाड्यापोटी दीडशे पौंड वजनाची तंबाखू दिली, अख्ख्या हंगामाची मेहनत. इथे नाणं दिसतच नाही, पाद्र्याचा पगारसुद्धा तंबाखूच्या पानांत. गिल्बर्ट अजून चिडवतो, काय महागाची बायको केली मी! मीही ऐकवते, पान हलकं होतं, फसले मीच. आम्ही हसतो. शेजारच्या अ‍ॅग्नेसचा नवरा हेच बोलतो, पण तो हसत नाही. जेवणात मीठ कमी पडलं की तिची किंमत काढतो. ती माझ्याच जहाजातून आली होती. मला गिल्बर्ट मिळाला हे निव्वळ नशीब, टॅमी.

तंबाखूचं वेड इथे तसंच आहे. लोक रस्त्यात लावतात, दफनभूमीच्या कुंपणापर्यंत लावतात आणि हिवाळ्यात मूठभर मक्यासाठी दारोदार फिरतात. पहिल्या हिवाळ्यात आम्हीही फिरलो. तेव्हापासून दारापुढचा वाफा माझा. त्यात मका, घेवडा आणि आईने माझ्या झग्याच्या काठात शिवून दिलेले वाटाणे. गिल्बर्टने एकदा तिथे तंबाखूची चार रोपं खोचली, ती उपटून मी त्याच्या हातात दिली. म्हटलं, पानं चघळून जगणार आहेस का? आता त्या वाफ्यावरून जाताना तो टोपी काढतो, नालायक!

यंदा मात्र त्या वाफ्यात मीच तंबाखू लावली. गिल्बर्टला वाटलं, बायकोला ऊन लागलं. शेंडे खुडले, पानापानावरच्या जाड हिरव्या अळ्या वेचून चिरडल्या. शी! बोटं इतकी चिकट झाली की भाकरीलाही तोच वास. पानं वाळत टांगली तेव्हा कुठे त्याला कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या शेतातली सगळ्यात रुंद पानं आणून माझ्या ढिगावर ठेवली आणि म्हणाला, वजन कमी पडायला नको, मेव्हणीही महागाचीच असणार.

तर हे पत्र आणणाऱ्या कप्तानाला आम्ही तुझं भाडं पूर्ण दिलंय. त्याच्या सहीचा कागद सोबत आहे, जिवापाड जप. वसंतात याच जहाजाने ये. धक्क्यावर दाढ्या करून, धुतलेले सदरे घालून पुरुष उभे असतील. कुणी तुझी किंमत विचारली तर कागद दाखव आणि सरळ आमच्या घरी चालू लाग. लग्न वर्षाने कर, पाच वर्षांनी कर, मनात नसेल तर करूच नकोस. तू कुणाचं काही देणं लागत नाहीस, माझंसुद्धा नाही. यंदा आम्ही मक्याची पेज जरा पातळ पिऊ, एवढंच. येताना आईकडून वाटाणे आण, माझं बी संपलंय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई,
अर्सुला