बायंडिंगला दिलेली पुस्तकं

आबा, तुमची पुस्तकं मी बायंडिंगला दिली आणि त्यात तुमचं जे काही उरलं होतं ते माझ्याच हातानं घालवलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आता मला ओरडणारंही कोणी नाही, म्हणून आपलं आपणच लिहून सांगतेय.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात जुनी यंत्रं भंगारात यायची, आणि त्यांच्याबरोबर कधीकधी जाडजूड इंग्रजी पुस्तकं. बॉयलरची, क्रेनची, आणि एक खाडीच्या जुन्या मोजणीचं, नकाशांसकट. भंगारवाले ती रद्दीत टाकायचे, तुम्ही डब्याच्या पिशवीतून घरी आणायचात. जेवण झालं की पेन्सिल घेऊन समासात लिहीत बसायचात: हा भाग कुठल्या यंत्राला बसवला, त्याला आपल्यात काय म्हणतात. आई करवादायची, घरात माणसं कमी आणि वाळवी जास्त. मोजणीच्या पुस्तकात तर न्हावा शेवाचं बंदर व्हायच्या आधीची मिठागरं, बांध, भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाड्या, सगळ्यांची नावं आजीला विचारून विचारून भरलीत. मी सहावीत असेन. एका पानावरचं तुमचं लिहिणं खोडरबरानं पुसलं, पुस्तक स्वच्छ दिसावं म्हणून. तुम्ही हात उचलला नाहीत. पुस्तक काढून घेतलंत आणि म्हणालात, "छापलेला कुठंपण मिळंल. हातानी लिवलेला नाय मिळायचा."

एवढं ऐकूनही मी काय शिकले? यंदा पानं सुटायला लागली म्हणून पनवेलात कॉलेजच्या वह्या बांधणाऱ्याकडे सगळी नेली. मजबूत करा, एवढंच सांगितलं. आठवड्यानं गेले तर तो कौतुकानं एकेक पुढे सरकवतोय, काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरं, कडा कशा सुरीसारख्या सरळ. मला बरं वाटतंय, आबा, लाज वाटते सांगायला. मग मी मोजणीचं पुस्तक उघडते. तिन्ही बाजूंनी समास मशीनखाली गेलाय. नकाशाशेजारी नुसतं "ची उघाडी" राहिलंय, कोणाची ते कापलं गेलंय. कातरण मागितली तर म्हणाला, ती कालच रद्दीत गेली, ताई, आम्ही सगळ्यांच्याच कडा मारतो. मी दुकानातच रडले. त्याला वाट्टेल ते बोलले, बिचारा पाणी आणून देत होता.

तेव्हापासून पेन्सिल घेऊन बसते. एकही नाव भरता येत नाही. आजी नाही, तुम्ही नाही, त्या जागी कंटेनर रचलेत. घरात सगळ्यांना सांगितलंय की त्या माणसानं घात केला. हे लिहिलेलं मी कोणालाच दाखवणार नाही, कारण खरं वेगळंच आहे. नऊ वर्षं ती पुस्तकं माझ्या कपाटात होती, आबा, आणि तुम्ही लिहिलेलं मी एकदाही वाचलं नव्हतं.