‘डीपी जळाली’च्या तबकडीवरील आईचा आवाज

आईच्या आवाजावर मुलीचा हक्क किती, हे मी वकिलांना विचारले. त्यांना सांगता आले नाही, मलाही सांगता येत नाही. तरीही मी, हर्षाली रामकिसन बारकुल, वय २९, राहणार येरमाळा, ठणठणीत प्रकृतीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. कॉलेजात असताना काढलेल्या आमच्या ‘सिंगल फेज’ या पोस्ट-पंक धाटणीच्या रॉक बँडचा पहिला अल्बम ‘डीपी जळाली’ (डीपी म्हणजे गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) पुण्याची एक कंपनी आता व्हिनाइल तबकडीवर पुन्हा काढत आहे. करारात वारस नेमायचा आहे, म्हणून हे मृत्युपत्र इतक्या लवकर.

१. माझी बचत वडिलांना द्यावी. त्यांनी ती माझा धाकटा भाऊ रणधीर याच्या मोटारसायकलीत घालू नये.

२. बेस गिटार आमचा ड्रमर बिराप्पा याला द्यावी. तो उमरग्याला टायर विकतो, वाजवणे सोडले आहे, हे मला माहीत आहे. तरी त्यालाच.

३. ज्या निवेदकाने आम्हाला ‘ग्रामीण भागातील गुणी मुले’ म्हणून मंचावर बोलावले, त्याला तबकडी फुकट देऊ नये.

४. माझे पदवी प्रमाणपत्र, घरातले पहिलेच, आईने देवांशेजारी टांगले होते. तिथून हलवू नये.

५. अल्बममधले माझ्या वाट्याचे हक्क वडील आणि रणधीर यांना समान. मात्र एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. शेवटचे गाणे आम्ही घरच्या पत्र्याच्या खोलीत एकाच माइकवर रेकॉर्ड केले. मध्येच आई, मथुराबाई, दारातून म्हणते, “हर्षे, भाकरी गार व्हायलीय, ये की.” तिचे वाक्य संपायच्या आत मी ओरडते, “तू जा ना गं! तुला काय कळतंय यातलं?”

पुढच्या वर्षी आई गेली. तिच्या आवाजाचे दुसरे रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. त्या दिवशी मी जेवायला गेले की नाही, तेही आठवत नाही.

कंपनी म्हणते, आवाज एकावर एक आहेत. माझा कापला तर तिचाही जाईल.

रणधीर म्हणाला, “ताई, काप ते. लोकं म्हणतील, शिकली अन् आईवरच खेकसायला लागली.”

“खोटं काय आहे त्यात?”

वडील हेडफोन काढेनात. “अजून एकदा लाव. तिचं तेवढं भाकरीचं.”

“तेवढंच येगळं निघत न्हाय, आण्णा,” मी म्हणाले.

“मग दोन्ही लाव की. तुझी पाळी आली की म्या कान झाकतो.”

म्हणून याबाबत माझ्यामागे कुणी काही ठरवायचे उरलेले नाही. दोन्ही आवाज जसेच्या तसे ठेवावेत आणि आवाज देणाऱ्यांत मथुराबाई रामकिसन बारकुल हे नाव छापावे, असे मी कालच सही करून कंपनीला कळवले आहे.

हे वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली.

हर्षाली रामकिसन बारकुल

साक्षीदार : शिवांजली (शेजारीण), वीरप्पा (वडिलांचे मित्र)

येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव
१२ नोव्हेंबर २०२५