गालाला लावलेला दगड

तेजेनजवळ,
१ फेब्रुवारी १९६१

प्रिय ताईस,
अकबीबीचा सलाम, वि. वि.

सातवा महिना लागला. पाय सुजतात, तेल सासूबाईच चोळून देतात. पण काल त्यांनी माझा गुल्याका, आईने लग्नात माझ्या गळ्याशी लावलेला तो चांदीचा बिल्ला, काढून घेतला आणि त्यातला लाल दगड गालाला लावून बसल्या. खरा अकीक कितीही वेळ धरला तरी गार राहतो. माझा गरम झाला. म्हणाल्या, काच आहे ही! तरीच मागच्या खेपेला मूल टिकलं नाही. तुझ्या आईनं माझ्या नातवंडाच्या राखणीला काच पाठवली!

सासरी मला अजून बोलायची मोकळीक नाही. सुनेच्या रीतीप्रमाणे रुमालाचं टोक दातांत धरून ऐकून घेतलं.

शेजारणीने ऐकलं आणि आत्येसासूबाईंना कळवलं. त्यांचा निरोप आला: मी पुढच्या शुक्रवारी येते, चार बायकांसमोर दगड पारखू, काच निघाली तर हिला माहेरी धाडा, मुलगा दुसरी करील. आई गेल्यावर माझं माहेर कुठलं, ताई?

काय करू ते लगेच लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अकबीबी


मारी,
५ फेब्रुवारी

चि. अकबीबीस अ. उ. आ.

रडू नकोस, पोर रडकं निघेल. माझा गुल्याका हुबेहूब तुझ्यासारखा, एकाच सोनाराने घडवलेला. आई माझेच लाड करते म्हणून जन्मभर चिडवलंस ना? आता त्याचा उपयोग होऊ दे. काच तुझ्या वाट्याला आली, म्हणजे खरा दगड माझ्याकडे. पारखला नाही. आईवर संशय घ्यायला मन होत नाही.

तुझे दाजी शुक्रवारी तो घेऊन येतील आणि सांगतील की घरात दोघींचे गुल्याके बदलले गेले, हा अकबीबीचा. काचेचा मला पाठव. माझी पोरं मोठी झाली, मला आता कसली भीती?

तब्येतीला जप. लोभ आहे तो राहीलच.

तुझी ताई,
ओगुलसापर


तेजेनजवळ,
११ फेब्रुवारी

प्रिय ताईस सलाम, वि. वि.

दाजी आले तेव्हा खोली बायकांनी भरली होती. त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगून तुझा गुल्याका पुढे ठेवला. आत्येसासूबाईंनी दगडासाठी हात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, सून माझी, गालही माझाच. दगड गालाला लावून डोळे मिटून बसल्या. कुणी चहाला हात लावला नाही. पोटात बाळ फिरलं.

मग म्हणाल्या, गार आहे. अस्सल.

आत्येसासूबाई म्हणाल्या, बघू जरा. तोवर सासूबाईंनी तो माझ्या गळ्याशी अडकवलाही होता. म्हणाल्या, पोटुशीच्या गळ्यातला गुल्याका बाळंतपणाआधी काढत नाहीत, विसरलात का, वन्सं?

दगड माझ्या कातडीला लागला. तो त्यांच्या गालाइतकाच गरम होता.

माझं तोंड उघडलं. रुमालाचं टोक सुटलं. शब्द ओठांवर आले होते. सासूबाईंनी टोक उचललं आणि माझ्या दातांत परत कोंबलं. म्हणाल्या, सुना बोलत नाहीत.

माझा गुल्याका दाजींबरोबर पाठवला आहे. आणि ताई, यापुढे तुला चिडवणार नाही. आईने दोघींना सारखंच दिलं होतं.

धाकटीवर जीव असू दे.

तुझी,
अकबीबी