विरळणीचे दिवस

६ मे
पाकळ्या गळल्या. डेलच्या बागेत सफरचंदं वाटाण्याएवढी, प्रत्येक घोसात पाच-सहा. ठेवायचं एक, फार तर दोन. बाकीची गळावीत म्हणून औषध कधी मारायचं, हे सांगण्याचा मला युनिव्हर्सिटी पगार देते.
काल सोनोग्राफी. इतकी वर्षं इंजेक्शनं घेऊन एक नाही, आणि आता एकदम तीन. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, तिन्ही ठेवणं तुला आणि त्यांनाही धोक्याचं. एक कमी करता येतं, पण वेळेत ठरवा. समीरने हात धरला. मी खिडकीतून ढग बघत होते. ढगाळ हवेत औषध जास्त लागू होतं.

९ मे
कॅलिपरने फळं मोजली. थंडीमुळे वाढ हळू. थांबायचं.
टेकडीकडच्या ओळीला फूलच आलं नव्हतं. डेल म्हणाला, गेल्या वर्षी त्या ओळीला औषध मारायला मन झालं नाही, इतकी छान लागली होती. सगळी लिंबाएवढीच राहिली, आणि यंदा झाडं रिकामी. सत्तरीचा माणूस, बूट बघत सांगत होता.
दोन गोष्टींचा संबंध लावायचा नाही. झाड ते झाड.

११ मे
तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा सासूबाईंचाच दंडक. समीरने आज फोनवर त्यांनाच सांगून टाकलं. तेही ‘जुळं’ म्हणून.
दोन का म्हणालास, विचारलं. ‘तीन म्हटलं असतं तर आई पॅनिक झाली असती यार. आणि शेवटी दोनच असणार ना?’
शेवटी. म्हणजे ठरलं. नागपुरात आत्तापर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचलंही असेल. राग यायला हवा होता. वरण गरम केलं, जेवले, भांडी लावली.

१४ मे
फळं दहा मि.मी. पुढचे दोन दिवस ढग आणि ऊब. जास्त गळेल, म्हणून डेलला म्हटलं, मात्रा कमी कर, उद्या सकाळी मार. मी येणार नाही.
का, ते त्याने विचारलं नाही. ‘फवारणीच्या दिवशी बायकोही घरी थांबायची, पोरांच्या वेळी,’ एवढंच म्हणाला.

१५ मे
घरी. डॉक्टरबाईंचा फोन. २३ ची वेळ घेतली, फिलाडेल्फियाला. आदल्या दिवसापर्यंत नाही म्हणता येईल, म्हणाल्या.
कुठलं, विचारलं. तिन्ही चांगली वाढताहेत, म्हणाल्या. सुई सहज पोचेल ते.
बागेत निदान मधलं फळ मोठं असतं, तेच ठेवतात. हे त्यांना सांगितलं नाही. थँक यू म्हटलं. माझा आवाज अगदी ऑफिसातला होता, त्याचीच भीती वाटली.

१९ मे
बागेत गेले. खूण बांधलेले घोस मोजले. अजून सगळी तशीच, हिरवी, घट्ट देठाची. कुठलं धरलं, कुठलं जाणार, आठवडाभर तरी कळत नाही. जे जाणार असतं त्याची वाढ आधी थांबते. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.
समीरने रजा टाकली. हॉटेलही बुक केलं. रात्री तो पोटावर हात ठेवून झोपतो. मी जागी असते. काही वाटत नाही.

२२ मे
सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. जुन्या मऊ लुगड्याच्या कुंच्या शिवल्यात. बाळाच्या डोक्याला वारा लागू नये म्हणून, मिनेसोटाला नणंदेलाही पाठवल्या होत्या. एक दाखवली, लाल काठाची. दुसरी दाखवली. मग मांडीवरून तिसरी उचलली, जरा लहान.
‘कापड उरून राहिलं होतं. फेकायचं जिवावर आलं, म्हणून आणखी एक करून टाकली. एक धुण्यात गेली तर लागतेच, बाई.’
समीर उठून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी म्हटलं, छान झालीय आई, काठ बघू. त्यांनी तिसरी कॅमेऱ्याजवळ धरली. टाके दिसले, बारीक, एकसारखे. मग मला पुढचं दिसेना, डोळे भरले. नेट अडकतंय म्हणून ठेवला.
दुपारी डेलचा मेसेज: गळ सुरू झालीय, बघायला येतेस? समीर विचारतोय, किती वाजता निघायचं. पाच वाजेपर्यंत डॉक्टरांचं ऑफिस फोन घेतं.
कुणालाच अजून काही कळवलेलं नाही. सव्वाचार झालेत.