छाती साफ करून या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या मला पालथं पडता येत नाही, म्हणून तो उभ्यानेच केला आहे. कारण पुढे येईलच.) तुझा डावा गुडघा काय म्हणतो? त्याचं ऐकून उजवा बिघडला नाही ना? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? इकडे ही ठीक आहे, आणि मी गोंधळलेला आहे.

झालं असं की दोन महिन्यांपासून माझ्या छातीत अधूनमधून धडधडतं. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि एक लहानसं यंत्र दिवसभर छातीला चिकटवून ठेवायचं ठरवलं. (हे हिला सांगितलेलं नाही. उगाच काळजी करत बसेल. तूही बोलू नकोस.) निघताना यंत्र लावणारा माणूस म्हणाला, "येताना छाती साफ करून या." एवढंच. आता माझी छाती तुला माहीत आहे. एकदा पोहायला गेलो होतो तेव्हा भाऊजी तिला सगळ्यांसमोर पायपुसणं म्हणाले होते. यावर यंत्राच्या पट्ट्या चिकटणार कशा? म्हणजे केस काढायचे, असा मी सरळ अर्थ लावला. वस्तऱ्याची भीती वाटते, म्हणून मेणाचा डबा आणला.

ताई, तीस वर्षं मी पुस्तकांची बांधणी करतो आहे. सरस तापवणं, ब्रशने पसरवणं, वर कापड दाबणं, यात मला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, असा माझा समज होता. डब्यावरच्या सूचना फार बारीक अक्षरात होत्या, त्यामुळे मी त्या वाचल्या नाहीत. दुकानातल्या शेगडीवर मेण सरसासारखं बुडबुडे येईपर्यंत तापवलं, थोडं निवू दिलं (नशीब), सरसाच्याच ब्रशने डाव्या बाजूला फासलं आणि वर पुठ्ठ्यांना लावतो ते लाल कापड दाबून बसवलं. बांधणी इतकी छान बसली की मलाच कौतुक वाटलं. मग ओढलं. अर्धं कापड आलं, त्याबरोबर केस आले, माझ्या तोंडून काय काय आलं ते लिहीत नाही. उरलेलं अर्धं हलेना.

समोरच पार्लर आहे. पाटीवर 'फक्त महिलांसाठी' लिहिलेलं. मी दारातूनच म्हणालो, "बाई, माझं नाही, कापडाचं काम आहे." बाईंनी शर्टाखालचा लाल तुकडा पाहिला आणि मला आतल्या खुर्चीत बसवलं. आधी साबणाने हात धुतले, नवे हातमोजे चढवले आणि कोमट तेल लावत लावत माझी उलटतपासणी घेतली. मेण आधी मनगटावर लावून पाहिलं होतं का? नाही. आदल्या दिवशी एवढंसं लावून अंगावर पुरळ येतं का ते पाहिलं? नाही. लावलं कशाने?

"ब्रशने," मी म्हणालो. "पण धुतला होता."

"कधी?"

यावर मी छताकडे पाहिलं. मग बाईंनी लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा दाखवला. एक पट्टी एकदाच मेणात जाते आणि मग थेट कचऱ्यात. अंगाला लागलेली परत डब्यात बुडवली की एकाची घाण दुसऱ्याला. मी घाबरून म्हटलं, आता उरलेली उजवी बाजू तुम्हीच करा. तेव्हा त्यांनी विचारलं, औषधं काय घेता? मी गोळीचं नाव सांगितलं. बाईंचा हात थांबला. "ही रक्त पातळ करायची गोळी ना? मग मी हात लावणार नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक केसही नाही." तीस वर्षांचा कारागीर मी, आणि गोळी कशाची आहे हे मला पार्लरमध्ये कळलं.

तसाच दवाखान्यात गेलो. यंत्रवाला माझा लालभडक चौकोन बघून भिंतीला टेकला. साफ म्हणजे आंघोळ करून, तेल-पावडर न लावता या, असं त्याचं म्हणणं होतं. केस तोच मशीनने बारीक करतो! आता कातडी बरी होईपर्यंत पट्ट्या लावता येणार नाहीत. तपासणी आठ दिवस पुढे गेली. आता सांग, तू इतकी वर्षं नर्स होतीस, 'साफ' शब्दाचा नक्की अर्थ कोणता? मी कुठे चुकलो हेच मला कळत नाही. (ब्रश सोडून.)

भाऊजींना नमस्कार. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. मी अजिबात घाबरलेलो नाही.

ता. क. २. तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. तू सोमवारीच येशील का? हिला सांग की सहज आले.

ता. क. ३. आत्ता स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "ताई सोमवारी येणार ना? त्यांच्यासाठी गादी उन्हात घातली आहे. आणि मंगळवारी मीही बरोबर येणार." मी तर अजून पाकीटही चिकटवलेलं नाही.