कोरड्या वाइनवर माझी माया

प्रिय व्याहीबुवा,

साष्टांग नमस्कार. (कंबर परवानगी देत नाही, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.) तुमच्या गुडघ्यांची सूज आणि विहीणबाईंचा राग कितपत उतरला ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायला हात धजत नाही. एका बाकावर बसून कविता घोकलेल्या माणसाला मुलांच्या लग्नापासून ‘तुम्ही’ म्हणावं लागतं, ही एरवी शिक्षाच. पण आज तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून ‘तुम्ही’च बरं. तेवढंच अंतर.

तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी वाइन निवडते, हे तुम्ही अभिमानाने सांगत असता (विहीणबाई नुसतं ‘नोकरी करते’ म्हणतात). तिने शोधलेली इटलीची एक रेड वाइन हॉटेलात ठेवायची की नाही, हे ठरवायला शनिवारी तिचे मॅनेजर आमच्याकडे जेवायला यायचे होते. पसंत पडली असती तर पुढची सगळी निवड तिच्याच हाती जाणार होती. तिने दुपारीच बाटली उघडून वाइन फुगीर पोटाच्या काचेच्या सुरईत ओतली आणि मला बजावलं, “बाबा, हात लावू नका. तिला श्वास घेऊ द्या.” श्वास घेणारं पेय! ती आत गेली तसा मी, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा, सुरईशेजारी बसलो. रंग असा, की मावळतीच्या हातून लाल शाईची दौत लवंडावी. वास घेतला. चेरी, पिकलेला आलुबुखार, आणि मागून हळूच शाळेच्या कुंपणावरची तुती (आठवतं? सदरे जांभळे, पाठी लाल). डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी घोट घेतला, आणि डाळिंबाची साल चावावी तशी जीभ आवळली. गोडीचं नाव नाही! बागेच्या फाटकापर्यंत नेऊन कुणी तोंडावर कडी लावावी, तसं झालं.

आता माझं सगळं शिक्षण कवितेत. कवितेत द्राक्षं नेहमी मधुर. कोरडं असतं ते वाळवंट. ही वाइन फळासारखी दरवळते आणि तरी कोरडीच, म्हणजे बिनगोडीची, असते, तोच तिचा डौल, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, पोरीला कुणीतरी फसवलं, आता साहेबापुढे तिची शोभा होणार. मायेचा उमाळा आला. चार चमचे साखर घातली, आणि ढवळून ढवळून श्वासही भरपूर दिला.

मॅनेजरांनी पेला फिरवला, नाक खुपसलं, घोट घेऊन “वा, काय पिकलेलं फळ आहे!” म्हणाले. (मी धन्य झालो.) मग सूनबाईने घोट घेतला आणि पांढरी पडली. “सर, ही अशी नसते. हिच्यात साखर आहे.” मॅनेजर हसले. वाइनमध्ये साखर कोण घालेल? सर्दी झालीय का तुला? चिरंजीव हसले. आणि व्याहीबुवा, मीही हसलो. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “बाबा, तुम्ही सांगा, गोड लागतेय ना?” तर मी “छे गं!” म्हणालो, आणि विषय बदलावा म्हणून इंद्रधनुष्यावरची कविता म्हटली, सगळी कडवी. मॅनेजर जाताना म्हणाले, निवडीचं काम तूर्त दुसऱ्या कुणाकडे देऊ. तेव्हापासून पोर मीठ चाखते, लिंबू चाखते, पुन्हा मीठ चाखते. जीभ गेली, नोकरी सोडते म्हणते. माझ्या चहात मात्र न विसरता साखर घालते.

कळावे,
तोंड लपवून बसलेला
तुमचा व्याही

ता. क. खरं काम पुढेच आहे. तू तिला फोन कर. (‘तू’ म्हणालो, राहू दे.) तिची जीभ शंभर नंबरी आहे हे बापाने सांगितलं तर पटेल. साखर मीच घातली असणार, हे तूच ओळखलंस असं तिला सांग. शाळेत तुझ्या खोकल्याच्या औषधात कुणी साखर मिसळली होती, हे तू विसरला नसशीलच. माझ्याने तिच्यापुढे उभं राहवत नाही.

आणखी एक ता. क. फोन करू नकोस. आत्ता ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली. म्हणाली, एकात चिमूटभर साखर घालून द्या, ओळखता येतंय का बघू. डबा हातात घेतला आणि मला रडूच फुटलं. पेल्याऐवजी हे पत्र तिच्या हाती दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मध्ये एकदा खुर्ची धरली. उद्या तिच्याबरोबर मॅनेजरांकडे जायचंय. कविता म्हणायला बंदी आहे. पत्र टपालात तीच टाकणार. समोर बसून पाकिटाला तिकीट लावतेय. तिकिटाच्या डिंकाला जीभ लावून आत्ताच म्हणाली, “बाबा, हे कडू आहे. घालता का चार चमचे?”